गोरे अण्णांचं व्याख्यान

ज्या माणसाचा सगळा धर्मच गप्प बसण्याचा होता, त्याचं मी निपाणीत जाहीर व्याख्यान ठेवलं.

हँडबिलं छापली, हलगीवर दवंडी दिली, अध्यक्ष मिळवला, हार आणला. व्याख्यात्याला विचारलं नव्हतं असं नाही. विचारलं होतं. ते "बघू" म्हणाले होते. आमच्याकडं "बघू" म्हणजे नाही, हे मला जन्मापासून माहीत. पण माणूस विलायतेचा, त्याचं "बघू" निराळं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

त्यांना गाव गोरे अण्णा म्हणायचं. त्यांचं खरं नाव होतं, पण ते फक्त पोस्टमनला लागायचं. सुरुवातीला लोक साहेब म्हणाले, तर हात जोडून सांगायचे, "मी कुणाचा साहेब नाही." मग तंबाखूच्या वखारीतल्या हमालांनी त्यांना अण्णा केलं, आणि गावात अण्णा पुष्कळ म्हणून पुढं गोरे जोडलं. एकदा शाळा तपासायला आलेल्या अधिकाऱ्याला मी "गोरे अण्णांकडं चहाला जाऊ" म्हटलं, तर तो वाटेत विचारत होता, हे गोरे रत्नागिरीकडचे काय? दार उघडल्यावर समोर निळे डोळे आणि सहा फूट उंची बघून त्यानं चहा उभ्यानंच घेतला.

अण्णा क्वेकर होते. ख्रिस्ती लोकांतला हा एक लहानसा पंथ. यांच्यात पाद्री नाही, देवळात क्रूस नाही, मुळात देऊळच नाही. घंटा नाही, गाणं नाही. रविवारी एका खोलीत जमायचं आणि तासभर गप्प बसायचं. कुणाला आतून काही सांगावंसं वाटलंच तर उठून दोन वाक्यं बोलायची आणि परत बसायचं. शपथ घ्यायची नाही, कारण एरवी तरी खोटं कुठं बोलतो? लढाईला जायचं नाही. मागच्या मोठ्या लढाईत अण्णांनी नाही म्हटलं म्हणून त्यांच्याच सरकारनं त्यांना तुरुंगात घालून दगड फोडायला लावले होते. इंग्रजाला इंग्रजानंच आत टाकलं, हे निपाणीला फार आवडलं. चळवळीच्या त्या दिवसांत तुरुंगात जाऊन आलेल्या माणसाला आमच्याकडं मान होता. मी गेलो नव्हतो. मला शाळा होती, असं मी सांगत असे.

मी हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो. अण्णांकडं जाण्याचं कारण माझं इंग्रजी सुधारावं हे. ते सुधारलं नाही, कारण ते माझ्याशी मराठीच बोलायचे. त्यांचं मराठी पुस्तकातून आलेलं, धुतलेलं, इस्त्री केलेलं. त्यात "तू" नव्हता. त्याचीही एक हकीकत आहे. यांचे पूर्वज म्हणे माणसं सगळी सारखी म्हणून राजालासुद्धा तू म्हणायचे. अण्णांनी आल्या आल्या तोच नियम निपाणीत लावला आणि दौऱ्यावर आलेल्या मामलेदाराला "तू बस" म्हणाले. मामलेदार बसला नाही. वखारीचे मालक आप्पा यांनी अण्णांना बाजूला घेऊन समजावलं, "अण्णा, हितं तू म्हटलं की भांडाण हुतंय." अण्णांनी आठवडाभर विचार केला आणि मला येऊन सांगितलं, "सगळ्यांना खाली आणता येत नसेल तर सगळ्यांना वर नेऊ." त्या दिवसापासून हमाल, भिकारी, शाळेतली पोरं, सगळी "तुम्ही" झाली. वखारीतल्या मांजराला "आपण जरा बाजूला सरकता का" म्हणताना मी स्वतः ऐकलं आहे. एक हमाल सांगायचा, "बायको सोडली तर मला अहो म्हणणारा ह्यो येकच."

टोपीचंही तसंच. कुणाहीपुढं टोपी काढायची नाही, यासाठी यांच्या पूर्वजांनी मार खाल्लेला. अण्णा कलेक्टरपुढंही टोपी ठेवून उभे राहिले आणि मोठ्या उत्सुकतेनं आमच्याकडं बघू लागले. कुणालाच काही वाटलं नाही. आमच्याकडं डोक्यावरचं काढलं तर लोक घाबरून विचारतात, कोण गेलं? अण्णा थोडे नाराज झाले असावेत.

बाजारात ते भाव करत नसत. विकणारीला म्हणायचे, "खरा भाव सांगा, मी तोच देईन." वांगीवाली वैतागायची. "आधी खोटा सांगू द्या की वो अण्णा, मग खरा सांगतो. येकदम कसा सांगू?"

ते राहायचे आप्पांच्या तंबाखूच्या वखारीच्या एका बाजूला. पुढं दवाखाना, म्हणजे एक कपाट आणि एक बाक. तंबाखू कुटणाऱ्या, निवडणाऱ्या बायकांचे डोळे जळजळायचे, त्यांना ते औषध घालायचे. मागं एक लांब खोली, तीत चटया आणि एक घड्याळ. दर रविवारी अण्णा तिथं टोपी घालून बसायचे. एकटे. हंगामात हवेत तंबाखूची बुकणी असायची, त्यामुळं निपाणीतलं मौन शिंकांसकट असायचं. मधूनमधून मी जायचो. माझं काय, मी बसलो की मला शाळेची पेपरं आठवायची, मग पाठ खाजायची, मग हसू यायचं.

महिन्यातून एकदा अण्णा सर्व्हिस मोटारीनं बेळगावला जायचे. तिथं कँपात त्यांची बायको पुरली होती. हिंदुस्थानात आल्यावर थोड्याच दिवसांत तापानं गेली. एकदा मला बेळगावात काम होतं म्हणून बरोबर गेलो होतो. ते कबरीपाशी रडले नाहीत, फुलं ठेवली नाहीत. जमिनीवर बसले, रविवारी बसायचे तसे. मग उठून कपडे झाडले आणि मला म्हणाले, "आता आपण केळी घेऊ."

त्याच परतीच्या प्रवासात त्यांनी मला सांगितलं की त्यांना परत बोलावणार आहेत. तिकडच्या मंडळींचं म्हणणं बरोबर होतं. एवढी वर्षं झाली, निपाणीत एक माणूस नेमानं यांच्याबरोबर बसत नाही, मग हा म्हातारा तिथं कशाला? नर्मदेकडं त्यांच्या पंथाची बरीच मंडळी होती. तिथला एक पाहुणा येऊन बघून जाणार होता. सभा, म्हणजे ही रविवारची बैठक, भरत नसेल तर अण्णांनी विलायतेला जायचं.

"तिकडं कोण आहे तुमचं?" मी विचारलं.

"कुणी नाही."

"मग?"

ते खिडकीतून बाहेर बघत होते. "ती इथं आहे," म्हणाले. एवढंच.

आता हे ऐकून शहाणा माणूस गप्प बसला असता. मी कामाला लागलो.

माझं म्हणणं साधं होतं. अण्णांचा माल चांगला, पण जाहिरात नाही. निपाणीत बिडीवाले काय करायचे ते मी रोज बघत होतो. भिंतीवर रंगवलेले पत्रे, उंच बांबूच्या पायांवर चालणारा माणूस, त्याच्या मागं पोरांची रांग. जग पुढं गेलं होतं. धर्मानं मागं का राहावं?

"अण्णा, तुम्ही लोकांना सांगतच नाही."

"सांगू नये असं नाही. सांगण्यासारखं आलं तर सांगावं."

"ते कधी येतं?"

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "माझ्या वडिलांना आयुष्यात दोनदा आलं."

"आणि तुम्हाला?"

"अजून नाही."

या बोलण्यावरून मी व्याख्यान ठरवलं. गुलाबी हँडबिलावर "विलायतेचे सुप्रसिद्ध वक्ते" असं छापलं. सुप्रसिद्ध हा शब्द छापखान्यात तयार जुळवलेला होता, काढायला त्रास झाला असता.

आप्पांच्या वखारीपुढचं पटांगण भरलं. दवंडीनं माणूस येतोच, त्यात फुकट. अध्यक्ष एक वकील होते. त्यांना क्वेकर म्हणजे काय हे माहीत नव्हतं, म्हणून ते ग्रीस देशाबद्दल बोलले. मग मी अण्णांना हार घातला. अण्णांनी तो काढून बंदोबस्ताला आलेल्या पोलीस शिपायाच्या गळ्यात घातला, उभे राहिले, सगळ्यांकडं नीट पाहिलं, आणि खुर्चीत बसून डोळे मिटले.

लोक थांबले. मला अंदाज आला होता, पण अजून आशा होती.

"विसरला काय?" कुणीतरी म्हणालं.

"आठवू दे की त्येला. लांबनं आलाय."

"हवा मानवली न्हाय."

हलगीवाला माझ्याजवळ वाकून म्हणाला, "मास्तर, परत वाजवू काय? झोप लागली असंल."

तरी कुणी उठलं नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पुढं काय होतंय हे बघायचं होतं सगळ्यांना. गाव हळूहळू शांत होत गेलं. बैलांच्या घंट्या ऐकू यायला लागल्या. एवढ्या माणसांची एवढी शांतता मी निपाणीत त्याआधी पाहिली नव्हती. अण्णा तेवढ्याचसाठी बसले होते, आणि ते होत होतं.

ते मला सहन झालं नाही. मी उठलो आणि म्हणालो, "बंधूंनो, अण्णांच्या या मौनाचा अर्थ काय?"

आणि तो सांगायला लागलो. मौनाचे प्रकार सांगितले. शांतीचं महत्त्व सांगितलं. लढायांचे तोटे सांगितले. मधेच एक इंग्रजी कविता म्हटली आणि तिचं भाषांतर केलं. मी उठलो तेव्हा पटांगण भरलेलं होतं. बिडीचे दुष्परिणाम सांगायला लागलो तेव्हा, आणि तेही निपाणीत, अध्यक्षही उठले. मी थांबलो तेव्हा समोर हलगीवाला होता. त्याची बिदागी राहिली होती.

आणि कडेला बायका होत्या. आप्पांची आई आक्का आणि तिच्या वयाच्या जैनांच्या सात-आठ म्हाताऱ्या, मांडी घालून, डोळे मिटून, ताठ. मला वाटलं, माझ्या भाषणानं भारावल्या. मी जवळ गेलो. कुणी डोळा उघडला नाही. थोड्या वेळानं आक्कानं हात जोडले, डोळे उघडले आणि शेजारणीला म्हणाली, "झालं गं बाई येकदाचं. मदी सोडाय येत न्हाय, न्हायतर कवाच उठलो असतो."

झालं होतं ते असं. आमच्या गावच्या जैन घरांतून सामायिक म्हणून असतं. ठराविक वेळ एका जागी मन आवरून गप्प बसायचं, आणि ती वेळ संपेपर्यंत काही झालं तरी उठायचं नाही. अण्णांनी डोळे मिटल्याबरोबर या बायकांना वाटलं, हा सामायिकाला बसला. मग आपणही बसू. त्या बसल्या, आणि मागाहून मी सुरू झालो.

लोक गेल्यावर अण्णा आणि मी खुर्च्या उचलत होतो.

"कसं झालं?" मी विचारलं. हे विचारायला नको होतं, कारण त्यांना खोटं बोलता येत नव्हतं.

ते खरं आणि बरं असं काहीतरी शोधत होते. मग म्हणाले, "लांब झालं."

पुढच्या रविवारी आक्का आपली चटई घेऊन वखारीच्या मागच्या खोलीत आली. अण्णांना काही विचारलं नाही, भिंतीकडेला बसली. त्याच्या पुढच्या रविवारी बाकीच्या आल्या. अण्णा त्यांच्या रीतीनं बसायचे, बायका त्यांच्या. बायकांची वेळ आधी संपायची. मग त्या उठून न बोलता पदर सारखा करायच्या आणि अण्णांचं संपेपर्यंत दारात उन्हाला बसायच्या. दोघांनी एकमेकांना धर्म विचारला नाही. आप्पा मला म्हणाले, "आमची आई घरात दोन घटका गप बसल्याली मी कवा बघितलं न्हाय. काय जादू केली वो अण्णांनी?" मी म्हणालो, जादू माझी. व्याख्यानाचा परिणाम आहे.

पाहुणा आला तो पावसाळा संपल्यावर. बारीक, चष्मेवाला, अण्णांपेक्षा पुष्कळ तरुण. त्याला हिंदी येत होतं, आमच्या बायकांचं मराठी कळत नव्हतं. शनिवारी मी आक्काकडं जाऊन सगळं समजावलं. अण्णांना नेणार आहेत. तुम्ही यांच्या पंथातल्या झालात असं दिसलं तर राहतील. तेव्हा पाहुणा काही विचारील, तुम्ही फक्त व्हय म्हणायचं.

आक्का मिरच्या निवडत होती. "काय विचारंल त्यो?"

"काहीही विचारू दे. व्हय म्हणा."

"सामायिकाला बसून खोटं बोलाय लावताय व्हय वो मास्तर? शाळेत बी हेच शिकवतासा?"

मी म्हटलं बरं. भाषांतर माझ्याच हातात आहे.

ते खरोखर माझ्या हातात आलं, कारण अण्णा म्हणाले, प्रश्न माझ्याच राहण्याजाण्याचा आहे, दुभाष्या दुसरा हवा. रविवारी सगळे बसले. बायकांचं झालं, मग अण्णांचं झालं. पाहुण्यानं मला विचारायला सांगितलं, या भगिनी इथं का येतात?

आक्का म्हणाली, "आमी जैन. ह्येंच्या धर्मातलं आमाला काय बी ठावं न्हाय. हितं गलका न्हाय, म्हणून येतो."

मी पाहुण्याला इंग्रजीत सांगितलं, की या भगिनींना आतल्या प्रकाशाची ओढ लागली असून त्या आपल्या पंथाच्या उंबरठ्यावर उभ्या आहेत. इंग्रजी चांगलं जमलं होतं. पाहुणा पुढं झुकला.

"त्या तसं म्हणाल्या नाहीत," अण्णा म्हणाले.

आणि आक्काचं बोलणं त्यांनी जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. ती जैन आहे, तिला आमच्यातलं काही माहीत नाही, इथं गलका नसतो म्हणून येते. माझं वाक्य तसंच राहू दिलं असतं तर म्हातारा निपाणीत राहिला असता. एवढं साधं होतं, आणि ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. सांगून झाल्यावर त्यांनी हात मांडीवर ठेवले.

पाहुणा माझ्याकडं बघत नव्हता, ही त्याची मेहरबानी. तो म्हणाला, आपण अजून थोडं बसू या. या लोकांत काही ठरवायचं झालं की आधी बसतात. सगळे बसले. बायकाही परत बसल्या. मीही बसलो. माझा जोडा करकरत होता, तो मी काढला, मग तो पडला.

बऱ्याच वेळानं आक्का उठून उभी राहिली. त्यांच्यात आतून आलं की उठून बोलायचं असतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला बोलायचं होतं म्हणून ती उठली.

"ह्या बाबाला न्यायाचं म्हणतायसा, मास्तर सांगत हुते. नेऊ नका. घरात सुना, नातवंडं. वखारीत बायकांचा दंगा. बस्तीत देवाला जावं तर पंचांची भांडणं. सगळ्या गावात गप बसाय येवढी येकच जागा हाय. ह्यो गेला की माझा ल्योक हितं तमाखू भरणार. आनि ह्येची बायकू बेळगावात हाय. तिला टाकून ह्येला कुठं नेतायसा?"

ती बसली. पाहुण्यानं अण्णांकडं बघितलं. अण्णांना हे सांगता येईना. मग मला म्हणाले, "तुम्ही सांगा. त्या म्हणाल्या तेवढंच. पुढं काही जोडू नका."

मी सांगितलं. सुना, नातवंडं, वखार, पंच, तंबाखू. शेवटचं वाक्य सांगताना मला ते सुधारावंसं वाटलं, की बायको आता हयात नाही, बेळगावात फक्त कबर आहे. पण आक्का तसं म्हणाली नव्हती. मी म्हणालो, त्यांची बायको बेळगावात आहे.

पाहुण्यानं चष्मा काढून पुसला. मग सावकाश म्हणाला, "इथं आपल्या पंथाचं कुणी नाही. पण सभा आहे. मी तिकडं तसंच सांगेन."

विलायतेच्या मंडळींनी ते मान्य केलं. अण्णा पुढं बरीच वर्षं निपाणीत राहिले. गेले तेव्हा आप्पांनी तंबाखूच्या गाडीतून त्यांना बेळगावला नेलं आणि तिच्या शेजारी ठेवलं. आप्पांनी विचारलं, गाडीला वास येतोय, चालंल का? मी म्हटलं, निपाणीचे आहेत, चालेल.

पण मी सांगत होतो त्या पाहुण्याचं. तो गेल्यानंतरच्या रविवारी मी वखारीत गेलो तो जरा छाती काढूनच. कोट घातला होता. शेवटचं भाषांतर तरी माझंच होतं, आणि त्यावरच म्हातारा राहिला होता. कुणी काही बोलेल म्हणून मी चटईच्या मधोमध बसलो. अण्णांनी मान हलवली, "आलात, बरं झालं." मी डोळे मिटले. एक डोळा किलकिला करून बघितलं, कुणी बघतंय का. घसा साफ केला. कोट सारखा केला. खरं सांगायचं तर त्या दिवशी माझ्या मनात बोलण्यासारखं बरंच आलं होतं, आणि उठावं की नको असं चाललं होतं.

आक्कानं डोळे न उघडताच माझ्या बाजूला तोंड केलं.

"मास्तर, तुमी भाईर बसा. तुमी गप बसला की लईच आवाज येतोय."